दोन पायऱ्यांत विझणारे ठिपके

३ मार्च
माझं नाव नाही! सरांच्या टेबलावर शोधनिबंधाचा मसुदा पडला होता. सरांचं नाव, ढापणीचं नाव — संपलं. चार वर्षं अंधाऱ्या खोलीत डोळे फोडले ते कुणी? प्रयोगशाळेत शेजारच्या स्टुलावर बसून तिने माझा केसाने गळा कापला.

४ मार्च
आईचा फोन. नाव कधी छापून येतंय, मावशीला दाखवायचंय म्हणे. येईल म्हटलं.

५ मार्च
काय केलं ते लिहूनच ठेवते, उद्या कुणी विचारलं तर. प्रथिनाच्या एकेका रेणूला चमकणारा रंग लावायचा, वर लेसर सोडायचा. कॅमेऱ्यात ठिपके दिसतात. रंग जळला की ठिपका विझतो. एका झटक्यात विझला तर रेणू एकटा, दोन पायऱ्यांत विझला तर जोडी. औषध घातलं की जोड्या जमतात — हा शोध माझा! चाळीस व्हिडिओ, हजारो ठिपके, सगळे मी मोजले.
कुठल्या व्हिडिओत औषध आहे ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. म्हणून ढापणी व्हिडिओंना नुसते नंबर द्यायची आणि कुठला नंबर औषधाचा ती यादी आपल्या खणात ठेवायची. एवढंच तिचं काम. आणि नाव तिचं!

८ मार्च
चहाला हाक मारली तिने. मला ऐकूच आलं नाही.

९ मार्च
आज जिन्यात गाठलंच. का केलंस, विचारलं. तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, गेल्या महिन्यात तिने मला ‘नवे’ म्हणून मोजायला दिलेले व्हिडिओ जुनेच होते, फक्त नंबर बदललेले. पहिल्या मोजणीत जोड्या नेमक्या औषधाच्याच व्हिडिओंत. दुसऱ्या मोजणीत सगळीकडे सारख्या. मग तिने माझे आकडे काढून सगळं स्वतः मोजलं. निबंधात आता लिहिलंय — औषधाने काही फरक पडत नाही.
“तुला मला काही सांगायचंय का?”
वर हे विचारते! माझ्यावर पाळत ठेवली, तीही माझ्याच हातून काम करून घेऊन. रोज एका डब्यात जेवतो आम्ही. असं कुणी वैऱ्याशीही वागत नाही. निघून आले.

११ मार्च
यादी मी पाहिली होती. पहिल्या मोजणीच्या आधी, ती हात धुवायला गेली तेव्हा. इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.
त्या खणाला ती कधी कुलूप लावत नसे. खोलीत मीच असायचे ना.