पंपावरचं जपान

ढाका, ४ मार्च २००८

ती. मोताहारमामांस, सलाम. वि. वि.

मी बरी आहे, पण तुमच्यावर रागावले आहे. कारखाने, विद्यापीठं आणि सरकार मिळून नवं काय घडवतात, यात बांगलादेश आणि व्हिएतनामची तुलना हा माझा प्रबंध. ‘तुम्ही नवीन काय केलंत?’ असं विचारल्यावर व्हिएतनामी कारागिरांनी पानंच्या पानं भरली. आपल्या बोगऱ्याच्या चाळीसच्या चाळीस पंपवाल्यांनी लिहिलं, ‘काही नाही, नक्कल करतो.’ वर पहिली सही तुमची! मार्गदर्शक बाई म्हणतात, बोगऱ्याचं प्रकरण गाळून टाक. मामा, त्याच प्रकरणासाठी तर मी हा विषय घेतला.

मामींना सलाम. दही एकट्याने संपवू नका.

तुमची भाची, तहमिना

बोगरा, ११ मार्च

चि. तहमिनास अनेक दुवा.

तू रागावलीस म्हणून मामी खूश आहे, तिला सोबत मिळाली. अगं, पंपावर ‘जपान’ अशी ओतीव अक्षरं नसतील तर शेतकरी हात लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. गाळाचं पाणी ओढायला आतली पाती मीच वाकवली. पण ते बोलायची सोय नाही, धंदा बसेल. वीस वर्षांची सवय, तुझ्या कागदावरही तेच लिहून बसलो. प्रश्न बदल. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तेव्हा काय बदललंत, असं विचार.

दही संपलं. क्षमा असावी.

तुझा मामा

ढाका, २ एप्रिल

ती. मामांस, सलाम. वि. वि.

काय जादू केलीत! तुमचा प्रश्न पाठवला आणि चाळीस जणांनी कागदाच्या पाठीवरही लिहिलंय. बाई वाचतच राहिल्या. मग तुमच्या पंपाचा फोटो पाहून म्हणाल्या, यावर तर जपान लिहिलंय, हा शोध बोगऱ्याचा कसा? मी फोटो परत पिशवीत ठेवला. ‘जपान’ काढून तुमचा धंदा पणाला लावा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? प्रकरण गाळून टाकते. जीव मात्र फार हळहळतो.

तहमिना

बोगरा, ६ मे

चि. तहमिनास दुवा.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लाकडी साच्यावरचं ‘जपान’ पटाशीने काढलं आणि ‘बोगरा’ कोरलं. तीन आठवडे एकही पंप हलला नाही. मामी दागिने मोजायला बसली, मी घाबरलो. मग काल आपलं जुनं गिऱ्हाईक, शेतकरी अफसार आला. आत हात घालून पाती चाचपली आणि म्हणाला, जपानचा बरा होता की हा बरा?

मी म्हटलं, “अफसारभाई, जपानचाही मीच करत होतो.”

तो इतका हसला की टोपी पडली, आणि दोन पंप घेऊन गेला. आज शेजारचे नऊ पंपवाले आपापल्या साच्यांसाठी माझी पटाशी मागून गेले. सोबत नवा फोटो आहे, बाईंना दाखव. मातीच्या मडक्यात दहीही पाठवतोय. लोभ त्याच्यासारखाच घट्ट राहू दे.

तुझा मामा, मोताहार
(पंपवाला, बोगरा)