तुम्ही टाळ्या वाजवलेली वाक्यं

मंगळवार, ११ मार्च

ती. मामा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आई आता डाव्या हातानं जेवायला शिकलीय. मामींचा गुडघा बरा असेल.

काल आपली लाँड्री बघायला आलेल्या हॉटेलच्या बाई गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "अगं, आपल्या बायका एवढं फाडफाड इंग्रजी बोलल्या, मग बाईंचा चेहरा का उतरला?" त्याचं उत्तर आता सांगते.

पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणालात, "घरातली पहिली पदवीधर तू. लाँड्रीतल्या बायकांना चार वाक्यं शिकव. एवढ्या मोठ्या हॉटेलचं काम हातचं जायला नको." मी एकच क्रियापद शिकवलं: पुट अप विथ. म्हणजे सोसणं. पण आवडीनं केलेल्या गोष्टीला ते लावत नाहीत. मनात चीड असली, तरच. पुढे काय सोसतो किंवा कोणाला सोसतो, ते जोडायचं. माझी अट एवढीच होती की वाक्य खरं हवं.

काल बाईंसमोर घडीवाल्या मावशी इंग्रजीत म्हणाल्या, "आम्ही बंद खिडक्या सोसतो." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. डाग काढणाऱ्या काकू म्हणाल्या, "हातमोज्यांशिवाय ॲसिड सोसते." तुम्ही म्हणालात, "व्वा!"

शेवटी आई उठली. "इस्त्रीच्या रोलरला संरक्षक जाळी नाही, ते मी सोसते. भावाला सोसते." आणि तिनं उजवा हात वर केला. तुम्हाला वाटलं, बाईंना निरोप देतेय. तुम्हीही हात हलवलात.

त्या हाताला दोन बोटं नाहीत, मामा. चादरी भरभर निघाव्यात म्हणून जाळी तुम्ही काढलीत. पट्टी रक्तानं ओली असताना "चूक माझीच" या कागदावर तिची डाव्या हाताची सही घेतलीत. "घरातलं घरात राहू दे," म्हणालात. आईनंही मला बजावलं, "तू बोलू नकोस, भाऊ आहे माझा." मी नाहीच बोलले. ती बोलली.

खोटं कशाला सांगू? तुम्ही टाळ्या वाजवत होतात तेव्हा मला जो आनंद झाला, तो पदवी घेतानाही झाला नव्हता.

बाई गुरुवारी कामगार तपासनिसांना घेऊन येतायत. घाईघाईनं जाळी बसवू नका. जाळीच्या स्क्रूंच्या रिकाम्या भोकांत चढलेल्या गंजाचे फोटो मी काढून ठेवलेत.

त्या दिवशी उभं राहून तुम्हालाही एक खरं वाक्य म्हणावं लागेल. शिकवायला मी येणार नाही. टाळ्या वाजवायला येईन.

तुमचीच,
पदवीधर भाची