ज्येष्ठेच्या नाकावरची चिठ्ठी

सेलू, रविवार

तीर्थरूप रुख्मिणीआक्कास धाकट्या मार्तंडाचा डोकं टेकवून नमस्कार. तुझे गुडघे सोडून चारठाण्यात सगळं खुशाल असंल, असं धरून चालतो. माझी तब्येत ठणठणीत, फक्त डोकं चालंना. (फोन केला असता, पण प्रभावतीचे कान लय तिखट.)

कारण आपला नचिकेत. उत्तराचं हे पोरगं स्पेनहून पहिल्यांदाच महालक्ष्म्यांना यायलंय, पण बापाच्या भाषेशिवाय बोलंना. फोनवर आमचं तोंड दिसलं की टेबलाखाली. (आजोबाला भिऊन नातू लपतो! लय लागलं गं जिवाला.) उत्तरा म्हणली, बाबा, त्याला नाक-डोळे ओळखायचा खेळ आवडतो, तेवढे शब्द पाठ करा. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस मी, म्हणलं त्यात काय! पण नाक म्हणजे नारिस, कान म्हणजे ओरेहा अन् डोळा म्हणजे ओहो. बरं, तिकडं नाक बाईमाणूस अन् डोळा बाप्या. काहून, ते देवालाच ठाऊक.

चिठ्ठ्या लिहून स्वतःच्या तोंडावर चिकटवल्या, तर आरशात अक्षरं उलटी. त्यात दूधवाला बन्सीधर आला अन् दूध न घालताच पळाला. प्रभावतीच्या गालाला चिठ्ठी लावायची माझी हिंमत न्हाई. तेवढ्यात तिनं पुसायला काढलेले महालक्ष्म्यांचे शाडूचे मुखवटे दिसले. इतके शांत चेहरे या घरात दुसरे कुठले? ज्येष्ठेला नारिस, कनिष्ठेला ओरेहा, गोंदानं पक्कं केलं. पाठांतर झकास झालं. चिठ्ठ्या काढाय गेलो, तर ज्येष्ठेच्या नाकाचा शेंडाच हातात! प्रभावतीनं बघितलं. तवापासून ती माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलंना.

दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
मार्तंड

ता. क. : खरं काम हे, की तुमच्या गावचा मूर्ती रंगवणारा महारुद्र तातडीनं पाठव. बिननाकाची ज्येष्ठा बसवायची पाळी आली तर मला घरात ठाव न्हाई.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायलो होतो, तर उत्तराचा फोन आला. मला एक शब्द आठवला असंल तर शपथ! प्रभावतीनं माझं गाऱ्हाणं सांगायला मुखवटाच फोनपुढं धरला. नचिकेत टेबलाखालून निघाला, बोट दाखवून ओरडला, "सिन नारिस!" अन् आज्जीकडं बघून खदखदून हसला. (हे 'सिन' मला कोणी शिकवलंच न्हाई.) उत्तरानं सांगितलं, बिननाकाची म्हणायलाय. प्रभावती हसता हसता रडली. आता म्हणते, नातवानं बघितल्याबिगर नाकाला कोणी हात लावायचा न्हाई. तवा महारुद्रला सध्या पाठवू नको.