मागचे चार डबे

अप्पर हट, न्यूझीलंड
रविवार, दुपार

प्रिय अनुराधा,

एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी मी देवाला कौल लावला. तुला हसू येईल म्हणून तेव्हा सांगितलं नाही. आमच्या गावी देवीच्या देवळात गुरव कौल लावतो, ते मी लहानपणापासून पाहत आलो. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न मनात धरायचा आणि बसून राहायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इथे ना देऊळ ना गुरव, तेव्हा आंघोळ करून मीच बसलो. कुंपणाजवळच्या कॅमेलियाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवघरातल्या आपल्या देवीच्या टाकावर लावल्या. प्रश्न एकच होता. हे घर बंद करून मी तुझ्याकडे इंग्लंडला यावं की नाही. पाकळ्या काही पडेनात. माझी नेहमीची गाडी गेली, तिच्या मागची गेली, फाटकाची घंटा वाजून थांबली. शेवटी कामाला उशीर व्हायला लागला म्हणून उठलो. नमस्कार करताना बघतो तर पाकळ्यांवरून पाणी अजून ओघळतंय. कळी नुसती ओली करायची असते. मी त्या इतक्या भिजवल्या होत्या की दुपारपर्यंत जागच्या हलल्या नसत्या. देवाला विचारायचं तर होतं, पण उत्तर यायला नको होतं. हातांनी ते आपसूक केलं असणार.

आता इथे ऐन थंडी आहे. सकाळी खोऱ्यात धुकं इतकं असतं की ट्रेंटमच्या फलाटावर समोर उभा माणूस दिसत नाही. हीट पंप लावला की नाक कोरडं पडतं, नाही लावला तर गुडघे धरतात. आरव टौरंगाला गेल्यापासून घरात एकच खोली उबदार ठेवतो. पोरगं बंदरात वायरिंगचं काम शिकतंय, खूश आहे. मी विचारतो, जेवलास का रे, तर म्हणतो, "येह, हॅड अ पाय." मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र त्याच्याच भाषेत. त्याची खोली मी तशीच ठेवली होती, दर रविवारी पुसून घ्यायचो. ते त्याला कळलं तेव्हा म्हणाला, "डॅड, आय ॲम नॉट कमिंग बॅक टु दॅट रूम. यू डोन्ट हॅव टु वेट देअर." तो मला मोकळं करत होता की स्वतः मोकळा होत होता, कोण जाणे. दोन्ही असेल.

कामाचं काय सांगू, तेच आहे. यार्डात गाडी येते, दरवाजे उघडून-मिटून पाहायचे, अडकणारा दरवाजा सोडवायचा, पुन्हा उघडून-मिटून पाहायचे. हात अजून चांगले आहेत, पण आताशा दिवस संपला की अंगात काही उरत नाही. तू म्हणायचीस की आपलं घर रेल्वेवर चालतं, बायको सिग्नलचे नकाशे काढते आणि नवरा दरवाजे उघडतो. इथलं तुझं ऑफिस बंद झालं आणि साउथॅम्प्टनची नोकरी आली, तेव्हा आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं, दोन वर्षं काढू, आरवची शाळा संपू दे, मग बघू. मग बघू म्हणजे काय बघू, हे दोघांनीही विचारलं नाही.

ती दोन वर्षं निभावली ती गाड्यांमुळे. सुरेखामावशीकडे चिचेस्टरला स्वस्तात खोली मिळाली म्हणून तू रोज त्या किनाऱ्याच्या गाडीने साउथॅम्प्टनला जायचीस-यायचीस, आणि परतीच्या गाडीत बसलीस की मला फोन करायचीस. तुझी संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. इथल्या उन्हाळ्यात तुझा फोन मला गाडीतच यायचा. घड्याळं बदलली की तो पहाटे स्वयंपाकघरात यायचा आणि मी आरव उठू नये म्हणून ओट्याला टेकून हळू बोलायचो. तुझ्या गाडीतली ती बाई स्टेशनांची नावं सांगायची ती ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. फेअरम, कॉशम, हॅव्हंट, एम्सवर्थ. बॉझम आलं की तू म्हणायचीस, चला, पिशवी आवरते. एखाद्या दिवशी गाडीच रद्द व्हायची, मग फलाटावरचा वारा ऐकू यायचा आणि तुझी चिडचिड. ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या तू सांगायचीस, मी पेटोनीचं पाणी सांगायचो. भांडणंसुद्धा तिथेच झाली. आरवला गाडी चालवायला द्यावी की नाही, यावरून आपण हॅव्हंटपासून चिचेस्टरपर्यंत भांडलो होतो आणि तू फोन न ठेवताच स्टेशनच्या फाटकातून बाहेर पडली होतीस. आपला संसार त्या गाड्यांमध्ये होता, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या सप्टेंबरात मी आलो, तेव्हाची ती संध्याकाळ आठवते ना? लंडनहून चिचेस्टरला निघालो. तू दिवसभर कामावर राहून मला घ्यायला आली होतीस. मला बजावलं होतंस, "पुढच्या डब्यातच बसायचं हं, ही गाडी हॉर्शमला तुटते." मी मान हलवली होती. तू खिडकीला डोकं टेकून झोपलीस. समोर दोन माणसं सॉसेज खात बसली होती, माझी जपाची वेळ झालेली. त्या वासात माळ हातात धरवेना. म्हटलं, गाडीतल्या गाडीत जरा मागे जाऊन बसू, जप झाला की परत येऊ. डब्यामागून डबे ओलांडत रिकामी जागा मिळेपर्यंत गेलो. डोळे मिटले, माळ पुरी केली आणि विमानाच्या जागरणाने तिथेच झोप लागली. जन्मभर गाड्यांच्या डब्यांत काम केलेला माणूस, आणि गाडी मधून सुटी झाली ते मला कळलंसुद्धा नाही. पुढचे चार डबे तुला घेऊन चिचेस्टरला गेले, मागचे चार मला घेऊन बॉग्नरला निघाले. दोघंही आपापल्या अर्ध्या गाडीत झोपलेले.

तुझा फोन आला तेव्हा जाग आली. "अहो, कुठे आहात? मी संडासाचं दार वाजवून आले." मी म्हटलं, मागे बसलोय, जप करत होतो. "मागे म्हणजे किती मागे?" आणि मग तू जी हसत सुटलीस. म्हणालीस, "आता कुठेही उतरू नका. शेवटच्या स्टेशनापर्यंत या. त्याच्यापुढे समुद्र आहे, तिथून तुम्हाला गाडीसुद्धा पुढे नेऊ शकत नाही." माझ्याबरोबर काम करणारा वरुण यार्डात अजून मला चिडवायचं सोडत नाही. "काका, दुसऱ्यांचे दरवाजे नीट करता आणि स्वतः चुकीच्या अर्ध्यात बसता." सगळ्यांसमोर म्हणतो, वर त्यांना इंग्रजीत समजावून सांगतो.

बॉग्नरच्या बाकावर मी वाट पाहत बसलो. तू उलट्या गाडीने, मधे बदलून, माझ्यामागे आलीस. येताना चहाचे दोन ग्लास आणि चिप्स. परतीची गाडी समोर उभी होती, आपण दोघांनीही ती जाऊ दिली. तुझ्या रोजच्या गाडीवरचा तिकीटवाला तिथे दिसला, तुला हाक मारून गेला, तूही त्याला त्याच्या आईच्या गुडघ्यांचं विचारलंस. मी पाहत होतो. तुझं तिथे बस्तान बसलं होतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही, फक्त आपण पाहुणे आहोत असं वाटलं. मग तू चिप्सचा कागद घडी करत म्हणालीस, "तुम्ही इकडे येता का? कायमचे?" मी म्हणालो, "आणि देव?" दुसरं काही सुचलंच नाही. तू म्हणालीस, "देवांना व्हिसा लागतो का?" तेही हसतच. पण नंतर हसू गेलं, आणि तू म्हणालीस, "दमले हो मी, दोन्हीकडची घड्याळं सांभाळून." मी रिकामे ग्लास एकात एक घातले. गाडी आली, आपण पुढच्या डब्यात बसलो.

तू पुन्हा विचारलं नाहीस. जानेवारीत ऑफिसशेजारी जागा घेतलीस. रोजच्या प्रवासाने तुझी पाठ धरली होती, मीच म्हणालो होतो, घे, चांगलं आहे. आणि गाडी संपली तसा फोनही संपला. तू पायी घरी पोचतेस, स्वयंपाक करतेस, मग म्हणतेस, उद्या बोलू. तुझा दोष नाही. आपल्याकडे बोलायची दुसरी जागाच नव्हती.

देवांचं मी खोटं बोललो नव्हतो. घरचे टाक ज्या घरात, ते घर. ते हलवायचे म्हणजे घर हलवायचं, आणि तेही पुरुषाने, बायको जिथे गेली तिथे. गावी दादाला फोनवर नुसतं सूचित केलं तर म्हणाला, "बायकोच्या मागे देव घेऊन फिरणार का तू? लोक काय म्हणतील त्याचं सोड, आबा काय म्हणाले असते?" आबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांचं नाव निघालं की मी फोन आटोपता घेतो. पण रात्री आठवलं, आपण पहिल्यांदा ऑकलंडला उतरलो तेव्हा मी याच टाकांना तांदळात ठेवून आणलं होतं, आणि विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईने तांदूळ, हळकुंडं, सुपारी सगळं काढून घेतलं. देव तेवढे परत दिले. तेव्हा तू तुझा रुमाल पुढे केलास आणि देव त्यातून या घरात आले. दादाला तेव्हा चाललं होतं, कारण तेव्हा तू माझ्या मागे येत होतीस.

पण मी ठरवलं ते यानेही नाही. त्या गुरुवारी, कौल तसाच ठेवून मी उशिराच्या गाडीत बसलो. बाहेर धुकं. हातात फोन होता, आणि सवयीने तुझा नंबर लावला गेला. तुझ्याकडे रात्रीची जेवणं आटोपत होती. तू फोन घेतलास आणि पहिला शब्द काय बोललीस, आठवतं? "काय झालं? आरव बरा आहे ना?" मी म्हटलं, काही नाही, सहज केला. तू म्हणालीस, "सहज?" जसा तो शब्दच पूर्वी कधी ऐकला नव्हतास. अनुराधा, नवऱ्याचा फोन आला म्हणजे घरात काहीतरी वाईट झालं असणार, इथवर आपण आलो. तू नळ चालू केलास, भांडी घासू लागलीस, पण फोन ठेवला नाहीस. मीही ठेवला नाही. इथली गाडी स्टेशनांची नावं सांगत राहिली. पेटोनी गेलं, वेलिंग्टन आलं, तुझी भांडी कधीच संपली असतील, तरी नळ वाहत होता. उतरताना मी म्हटलं, आलं माझं. तू म्हणालीस, "हो, ऐकलं मी."

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आरवला फोन करून व्हिसाचा अर्ज कुठून भरायचा ते विचारलं. तो म्हणाला, "अबाउट टाइम, डॅड," आणि शनिवारी रात्रभर बसने येऊन स्वतः भरून दिला. तुझे लागणारे कागद त्याने तुझ्याकडून मागवले, ते त्याने सांगितलं तसं इथल्या मराठी मंडळाच्या कसल्याशा कामासाठी नव्हते, एवढं आता सांगून टाकतो. तुला फोनवर सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, नक्की ना, माझ्यासाठी नका येऊ, आणि मी पुन्हा बॉग्नरसारखा गप्प बसलो असतो. म्हणून सगळं होऊन गेल्यावर लिहितोय, म्हणजे तू मला थांबवायला नको आणि मी थांबायला नको. व्हिसा आला आहे. यार्डातलं काम शुक्रवारी सोडलं, वरुणने केक आणला होता. घर मंडळातल्या यशोधन आणि सिद्धीला राहायला दिलंय, लेकरू लहान आहे त्यांचं, उबदार ठेवतील. दादाला परवा कळवलं. त्याने एवढंच विचारलं, तिकडे फुलं मिळतात का. तिकडे मला काय काम मिळेल ठाऊक नाही, या वयात कोणी दरवाज्यापाशी उभं करेल का तेही नाही. शीण आहे, पण तो इथे बसून जाणारा नाही. आज सकाळी पूजा केली, नैवेद्य दाखवला. या वेळी काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं, आणि देव हलवले.

तुझाच,
पुरुषोत्तम