जबल शम्सवरचा बर्फ

आई,

आज गिर्यारोहणाच्या कोर्सवर आमच्या इन्स्ट्रक्टरने फावड्याने बर्फात खड्डा खणला आणि तो काही बोलायच्या आत मीच ओरडले, "खालचा थर सैल आहे!" सगळे वळून बघायला लागले. हिमालयात पहिल्यांदाच आलेली, मस्कतमध्ये वाढलेली मुलगी हे कुठे शिकली, असं त्याने विचारलं. "ओमानमध्ये," म्हटलं, तर एकच हशा. मीही हसले. पण तेव्हापासून कधी एकदा तुला सांगते असं झालंय.

मी आठवीत होते. मस्कतमधल्या अल खौदच्या फ्लॅटमध्ये तू म्हणजे डबे, इस्त्रीचे युनिफॉर्म आणि बाबांना गाला भागातल्या ऑफिसात फोन करून "येताना खुबूसच्या रोट्या आणा" सांगणारी आई. लग्नाआधी तू गिर्यारोहणाचा कोर्स केला होतास, हे मला ठाऊक होतं. पण तुमच्या लग्नातल्या जेवणासारखं, नुसतं ऐकून. त्या डिसेंबरात ओमानच्या सगळ्यात उंच डोंगरावर, जबल शम्सवर, बर्फ पडल्याचं कळलं आणि सकाळीच शेजारचे वसईचे अंकल फोरव्हीलर घेऊन हजर. "यल्ला, चला वहिनी, काश्मीर आलंय ओमानात!"

वर गाडी ठेवून आपण चौघं चालायला लागतो. ऊन चढलंय. एका अरुंद घळीच्या डोक्याशी पांढरा पट्टा चमकतोय आणि अंकल सरळ त्या घळीत शिरायला निघतात. तू त्यांची बाही धरतेस. "थांबा. ऐका जरा." टिक. टिक. वरून खडे सुटताहेत. "रात्री फटींत गोठलेलं पाणी आता वितळतंय. हिमालयात अशा उतारावरून बर्फ येतो, इथे दगड येतील." बाबा म्हणतात, "अगं, पाच मिनिटांचं तर काम आहे." "पाच मिनिटं पुरतात," तू म्हणतेस, इतक्या शांतपणे की बाबा पाऊल मागे घेतात. मग तू आम्हाला बाजूच्या धारेवरून नेतेस. वरच्या अंगाला एका ठिकाणी मात्र ती घळ ओलांडावीच लागते. "एका वेळी एकच जण. बाकीच्यांनी वर बघायचं. मी ओरडले तर पळायचं, थांबून बघत बसायचं नाही." आधी तू जातेस. मग मी. मी मध्यावर पोचते आणि तुझा आवाज कडाडतो, "पळ!" मी पळते. पाठीमागे धाडधाड आवाज, धुळीचा लोट, आणि टीव्हीएवढा एक दगड उसळ्या घेत खाली जातो, अंकल जिथून चढणार होते नेमका तिथून. पलीकडे अंकलनी छातीवर क्रूस काढला. सगळं शांत होईपर्यंत तू त्यांना आणि बाबांना तिकडेच थांबवलंस. मला गच्च धरून तू हसत होतीस, मीही हसत होते. भीती वाटली ती परत येताना, गाडीत.

वर बर्फ जेमतेम वीतभर. बाबा आणि अंकल शाळेतल्या पोरांसारखे गोळे मारत सुटले. तू गुडघे टेकून हाताने त्या बर्फाचा उभा काप घेतलास. "हे बघ. खाली गारा, साबुदाण्यासारख्या, एकमेकींना धरून राहत नाहीत. वर ताजा बर्फ." तळव्याने हलकेच ढकललंस आणि दुधावरची साय सरकावी तसा वरचा थर अख्खाच्या अख्खा घसरला. मी किंचाळलेच. "पुन्हा कर! पुन्हा!" तू पुन्हा केलंस. म्हणालीस, "इथे ही गंमत आहे. तिकडे याच्याखाली माणसं गाडली जातात. आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला जास्तच, कारण थोडाच तर पडलाय म्हणून लोक बेफिकीर असतात."

पुढे थोड्याच वर्षांत तू गेलीस. आज त्या खड्ड्यात तोच साबुदाणा दिसला, आई! इन्स्ट्रक्टरने उद्याचा उघड्या उताराचा बेत रद्द केलाय. आता देवदारांतून, धारेच्या वाटेने जायचं, आणि सगळ्यात पुढे मी. मघापासून तीनदा बुटांच्या नाड्या सोडून बांधल्यात.

हे पत्र कुठे पाठवणार? पण एक लिहूनच टाकते. त्या दिवशी तू बर्फात बसून हसत होतीस, तेव्हा एवढ्या आनंदातही क्षणभर मला तुझा राग आला होता. ही बाई तू इतकी वर्षं कुठे ठेवली होतीस, आणि घरी गेल्यावर पुन्हा का ठेवून दिलीस? तुला विचारायचं मनात होतं. विचारलं नाही.