सहकुटुंब, सहपरिवार

पूर्णगड, ५ मे १९८४
येसूबाईंच्या ओटीवरच्या फरशीला काठी टेकली आणि पंचवीस वर्षांमागचा आवाज कानात आला, शालनवहिनींच्या जोडव्यांचा. मंडणगडला राजारामच्या घरी आम्ही तिघे मास्तर शाळेतल्या कविता चालीवर म्हणत बसायचो आणि फरशीवर टिक्, टिक् करत चहा यायचा. बरोबर भजी आहेत की नाहीत, हे मला त्या आवाजावरून कळे.

आता साठीत राजाराम पुन्हा बोहल्यावर चढतोय. नवरी खाडीपलीकडच्या गावखडीच्या सावित्रीबाई. विधवा आहेत, बालवाडी चालवतात. लग्न बारा तारखेला. तोवर समुद्राकाठी राहायचं नि नवरदेवाला रोज केळवण करायचं, ही आमच्यातल्या तिसऱ्या मास्तराची, आप्पाची टूम. आप्पा म्हणाला, नवरदेवाच्या दातांपेक्षा माझ्या छत्रीला काड्या जास्त आहेत. राजाराम म्हणाला, पण छत्रीला कुणी पसंत केलं का? पोट धरून हसलो. येसूबाई घरमालकीण, रांधतातही त्याच. आज सुरमई होती.

६ मे
राजाराम समुद्राकडे पाठ करून बसतो. याच खाडीत वीस वर्षांपूर्वी त्याची पहिली बायको, आमच्या शालनवहिनी, गेल्या. वऱ्हाडाची होडी उलटली. वहिनींसकट अकरा माणसं, एकही हाती लागलं नाही.

येसूबाईंनी बजावलं, बिजवराच्या लग्नात पहिलीला अक्षत द्यायलाच हवी. पाण्यात अक्षता सोडायच्या, तिथूनच आशीर्वाद द्या म्हणायचं, मागे न बघता परतायचं. राजारामच्याने होईना, म्हणून मी गेलो.

गुडघाभर पाण्यात उभा राहिलो नि मन भरून आलं. अशा गुणी बाईशी एवढंच कोरडं बोलायचं? मी शार्दूलविक्रीडिताच्या चालीवर सबंध पत्रिकाच म्हटली. शेवटी, सहकुटुंब, सहपरिवार अवश्य येण्याचे करावे. चाल सुरेख लागली. परतताना वळून पाहिलंच. ओहोटी होती, तरी अक्षता माझ्यामागून किनाऱ्याकडे येत होत्या.

७ मे
तीन पानं मांडली होती. हात धुऊन आलो तर चार. चौथं ओलं, त्यावर वाळू. आप्पा म्हणाला, येसूबाईंना नवरीची आमच्यापेक्षा घाई. येसूबाई हसल्या नाहीत. पाण्यात नेमकं काय बोललात, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, मास्तर, ती एकटी नाय बुडली हो.

९ मे
जास्तीची सात पानं. दुपारची भरती आली की ओटीवर ओली पावलं उमटतात. एक जोडी लहान मुलाची.

राजारामला सगळं सांगितलं. तो म्हणाला, धोंडू, ती टिक् टिक् मलाही ऐकू येते. मग रडला. लग्न मोडतो म्हणाला, सावित्रीला काही झालं तर मी काय करू? मी म्हटलं, चूक माझी, निस्तरेन मी. पुन्हा पाण्यात गेलो. तिथूनच आशीर्वाद द्या, म्हटलं. कितीदा म्हटलं.

१० मे
अकरा. आले सगळे.

कुणी जेवलं नाही. आप्पा आता थट्टा करत नाही. उद्या सावित्रीबाई इथे केळवणाला येणार, तेही होडीने. येसूबाईंचे यजमान केरू उजाडताच रस्त्याने गावखडीला निघतील. निरोप एवढाच, होडीत पाय ठेवू नका, एसटीने या.

११ मे, सकाळ
केरू गेले. राजाराम खाडीकडे तोंड करून बसलाय. आठवड्यात पहिल्यांदाच.

दुपार
जास्तीची बारा पानं.
बुडाले होते ते अकरा. बारावं मग —

केरू परत आले. सावित्रीबाई निरोपाआधीच निघाल्या होत्या. होडी अजून इकडे लागलेली नाही.

भरती चढतेय. येसूबाईंनी दाराला कडी घातली. पावलं — खूप —

बाहेरून हाक. सावित्रीबाईंचीच. उशीर झाला म्हणतात. आप्पाने राजारामचा हात धरला. तो हिसडून —

दार उघडलं. त्याच आहेत. हिरवं लुगडं निथळतंय. हसतायत. मागे ओटी माणसांनी भरलेली —

लग्न उद्या. त्यांच्या पायांत जोडवी नाहीत, मी नीट पाहिलं. तरी त्या आत येताना फरशीवर टिक्, टि