पोचा पडलेलं ताम्हण

प्रिय अण्णा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं आणि पेन अडलं. ती सोय तुम्ही दोन वर्षांपूर्वीच काढून घेतलीत. 'कैलासवासी' लिहावं, तर तुम्ही कैलासावर स्वस्थ बसला असाल यावर माझा विश्वास नाही. तिथेही कुठल्यातरी विमानाच्या पोटाखाली आडवे झाला असाल. म्हणून नुसतं 'प्रिय'.

आज लिहितेय, कारण काल तुम्ही भेटलात. पाठमोरे.

चौक गावात, जुन्या हायवेवर, गॅरेजांच्या मागे एका शेडमध्ये विमानांचं संग्रहालय उघडलंय. एक अख्खं विमान, दोन उघडी इंजिनं आणि भिंतभर फोटो. आईला घेऊन कर्जतहून रिक्षाने गेले. "एकदा हँगर बघायला चला गं दोघी," असं तुम्ही किती वर्षं म्हणत होतात! दर वेळी तिचं हळदीकुंकू निघायचं, नाहीतर माझे पेपर तपासायचे राहिलेले असायचे. काल गेलो, तर दाखवायला तुम्ही नाही.

माझ्या वर्गातली मुलं संस्कृतच्या विभक्तीकडे बघतात, तशी मी त्या इंजिनाकडे बघत होते. म्हात्रेकाका सगळं सांभाळतात, चौकचेच आहेत. त्यांनी कौतुकाने विचारलं, "तुमचे वडील विमानाचं काम करायचे? कशावर होते, इंजिनावर की बॉडीवर?"

अण्णा, मला सांगता आलं नाही. शाळेच्या फॉर्मवर मी कायम 'विमान दुरुस्ती' लिहीत आले. त्यापुढे मी कधी विचारलंच नाही!

आठवतं? कॉलेजात असताना मी ओट्याशी उभी राहून पुष्पक विमानाचं वर्णन म्हणत होते. तुम्ही नखातलं काळं काढत म्हणालात, "तुझ्या त्या पुष्पकाचं ऑइल कोण बदलायचं गं, शास्त्रीणबाई?"

"ते मनाच्या वेगाने जायचं, अण्णा."

"मग तर सर्व्हिसिंग दर आठवड्याला."

मी हसले, पण खाली बसून ऐकलं नाही. तुम्ही तरी हात धरून का नाही बसवलंत?

फोटो आईने शोधला. विमानाच्या चाकाला झेंडूची माळ, पुढ्यात नट आवळायचे पाने आणि पक्कड मांडलेली, आणि चाकाशी वाकलेला एक माणूस. चेहरा चाकाकडे. हातात ताम्हण. खाली लिहिलंय : 'खंडेनवमीची पूजा. व्यक्ती अनोळखी.'

"अनोळखी काय?" आई एवढ्या मोठ्याने म्हणाली की एक शाळेची सहल गप्प झाली. "अहो, हे आमचे हे! हे आमचं ताम्हण. दर खंडेनवमीला घरातून उचलून न्यायचे. काठाला पोचा बघा."

पोचा दिसत होता. म्हात्रेकाकांनी चष्मा वर करून पाहिला. "हाय खरा. पन काकी, आमाला कागद लागतो. ड्युटीची वही, पास, काय बी. नाव असंच नाय लावता येत."

प्रत्यक्ष, अनुमान, शब्द अशी प्रमाणं मी वर्गात शिकवते. म्हात्रेकाकांना चौथंच हवं होतं : झेरॉक्स.

आणि तुमच्या वह्या, अण्णा, मी रद्दीत दिल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर कपाट आवरलं. माझ्या पोथ्या लाल कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवल्या आणि तुमच्या तेलकट वह्या दाराबाहेर. आई म्हणत होती, "राहू दे गं." मीच म्हणाले, "त्यातलं आपल्याला काय कळतंय?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण काकांनी विचारलं, "पोचा कसा पडला?"

"ह्यांच्याच हातून," आई ठामपणे म्हणाली. "हँगरमध्ये पडलं."

"मंग हँगरातलंच असंल ना, काकी! कुनीबी धरलं असंल हातात."

आई माझ्याकडे बघू लागली. आपली मुलगी शिकलेली आहे, काहीतरी बोलेल, अशा आशेने.

तो पोचा माझा होता. दुसरीत होते. खंडेनवमीची पूजा करून तुम्ही परत आणलेल्या ताम्हणाचं स्टिअरिंग करून जिन्यावरून खाली उतरत होते, तोल गेला. संध्याकाळी आईला तुम्ही सांगितलंत, "हँगरमध्ये पडलं गं माझ्या हातून." मग रात्रीच्या जेवणापर्यंत बोलणी खाल्लीत आणि माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावलात. तुम्ही मला वाचवायला मारलेली थाप काल तुमच्याच नावाच्या आड आली. एक वाक्य बोलायचं होतं. घरात पडलेला पोचा त्या फोटोत आहे, म्हणजे ताम्हण आमचं. इतकं साधं अनुमान! पन्नाशी उलटलेली बाई आईला घाबरून गप्प राहिली.

घरी येऊन आईने ताम्हण चिंचेने घासलं आणि पोच्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "तेव्हा फार बोलले मी त्यांना."

अण्णा, मी तेव्हाही गप्पच राहिले.

आज चहाच्या वेळी तिला खरं सांगणार आहे. तेव्हा तुम्ही खाल्लेली बोलणी तिच्याकडून आता मी खाणार आहे, उशीर झाल्याबद्दल वाढवून. मग खंडेनवमीला आम्ही दोघी ताम्हण घेऊन चौकला जाऊ आणि मी म्हात्रेकाकांना, सहल आलेली असली तर तिच्यादेखत, सांगेन की हे मी पाडलं. ते बहुतेक म्हणतील, "कागद नाय ना, ताई." नाव लागणं माझ्या हातात राहिलेलं नाही. ते मी दाराबाहेर ठेवून बसले. पण त्या ताम्हणाला तुमच्या हातून पोचा पडला, असं यापुढे आपल्या घरात कुणी म्हणणार नाही. एवढं वचन देते.

तुमची,
शास्त्रीणबाई